विश्लेषण : नासाचा पंख, केळीच्या बागेतलं प्लास्टिक आणि एक त्रिकोण... हँग ग्लायडरचा शोध नेमका कोणाचा?

पंख अमेरिकेतल्या रोगालो दाम्पत्याचा. पण त्या पंखाला माणसाने कुठे आणि कसं लटकायचं, हा प्रश्न सोडवला ऑस्ट्रेलियातल्या जॉन डिकन्सन यांनी. छंद म्हणून उडवल्या जाणाऱ्या ग्लायडरपासून इंजिन लावलेल्या ‘ट्राइक’पर्यंत सगळ्यांत आज तीच युक्ती वापरली जाते.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात क्लॅरेन्स नदीच्या काठावर ग्राफ्टन नावाचं छोटं शहर आहे. जॅकरँडाच्या जांभळ्या फुलांसाठी ते प्रसिद्ध आहे आणि त्याच नावाचा उत्सव तिथे दरवर्षी भरतो. १९६३ च्या उत्सवात तिथल्या वॉटर स्की क्लबला लोकांना काहीतरी जबरदस्त दाखवायचं होतं. स्पीडबोटीमागे दोरीने ओढल्या जाणाऱ्या मोठ्या सपाट पतंगाला लटकून माणूस हवेत जातो, तसा खेळ.

हा खेळ धोकादायक होता. सपाट पतंग हवेत डगमगायचा, बोटीचा वेग कमी-जास्त झाला की कोसळायचा आणि दोरी सुटली तर वरच्या माणसाच्या हातात काहीच उरायचं नाही. पतंग बनवण्याचं काम आलं क्लबमधल्या जॉन डिकन्सन यांच्याकडे. ते व्यवसायाने इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञ होते. विमानशास्त्राची पदवी नव्हती, पण ऑटोगायरोसारख्या उडत्या यंत्रांचा नाद होता. सपाट पतंगाऐवजी काहीतरी सुरक्षित हवं, असं त्यांनी ठरवलं. त्याच सुमारास नासाच्या एका त्रिकोणी पंखाचा फोटो त्यांच्या पाहण्यात आला.

त्या फोटोवरून त्यांनी आधी छोटी मॉडेल्स केली, मग पूर्ण आकाराचा पंख बांधला. पुढच्या कडांना लाकूड, आडव्या दांड्याला अॅल्युमिनियमची नळी आणि शिडासाठी निळं प्लास्टिक. हे प्लास्टिक केळीच्या बागांमध्ये घडांवर घालण्यासाठी वापरलं जायचं. त्या भागात केळीच्या बागा भरपूर, त्यामुळे ते सहज आणि स्वस्तात मिळत होतं. सप्टेंबर १९६३ मध्ये बोटीमागे तो पंख उडाला आणि पुढे उत्सवात लोकांनीही पाहिला. सुरुवातीची यशस्वी उड्डाणं केली क्लबमधल्या रॉड फुलर यांनी. डिकन्सन यांनी त्याला नाव दिलं ‘स्की विंग’.

बाहेरून पाहिलं तर हा नासाच्या पंखाचा स्वस्तातला अवतार वाटतो. फरक होता तो पंखाच्या खाली.

मुळात हा पंख कोणाचा?

फ्रान्सिस रोगालो हे अमेरिकेच्या लँगली संशोधन केंद्रात वायुगतिकीचे अभियंता होते. ही संस्था तेव्हा ‘नाका’ होती, १९५८ मध्ये तिची ‘नासा’ झाली. सामान्य माणसाला परवडेल असं विमान हवं आणि त्यासाठी पंख घडी घालता येईल असा असावा, ही त्यांची कल्पना. कचेरीत या कल्पनेला फारसा भाव मिळाला नाही, म्हणून त्यांनी पत्नी गर्ट्रूड यांच्यासह घरीच प्रयोग सुरू केले. घरात मोठा पंखा लावून वाऱ्याचा बोगदा तयार केला. पंखाचं एक सुरुवातीचं मॉडेल स्वयंपाकघरातल्या पडद्याच्या कापडातून शिवलेलं होतं.

१९४८ मध्ये दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५१ मध्ये ते मिळालं. त्या पेटंटवर गर्ट्रूड यांचंही नाव आहे. ही कल्पना सुरुवातीला विकली गेली ती मुलांच्या खेळण्यातला पतंग म्हणून!

त्यातली खुबी अशी. विमानाच्या पंखाला आकार देण्यासाठी आत पुष्कळ बरगड्या लागतात. रोगालोंच्या पंखात त्यातलं काही नाही. दोन कडा, मधला कणा आणि (नंतरच्या ग्लायडरमध्ये) एक आडवा दांडा, एवढाच सांगाडा. त्यावर कापड थोडं सैल ठेवायचं. वारा भरला की कापड दोन अर्धशंकूंसारखं फुगतं आणि हवाच पंखाला आकार देते. उतरलात की गुंडाळा आणि गाडीच्या टपावर टाका.

नासाने त्याचं काय केलं?

१९५७ मध्ये सोव्हिएत संघाने ‘स्पुटनिक’ सोडला आणि अमेरिकेत अवकाशाशी संबंधित कोणत्याही कल्पनेला अचानक पैसा मिळू लागला. अवकाशातून परतणारं यान पॅराशूटने समुद्रात टाकण्याऐवजी या पंखाने तरंगत धावपट्टीवर उतरवता येईल का, यावर काम सुरू झालं. ‘जेमिनी’ यानासाठी तशी योजना आखली गेली.

वैमानिकांना सवय व्हावी म्हणून कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर ‘पॅरेसेव्ह’ नावाचं एक यंत्र बांधलं. तीन चाकांची उघडी गाडी आणि वर रोगालो पंख. पुढे चंद्रावर उतरलेले नील आर्मस्ट्राँगही त्यातून उडाले होते. पण ते हाताळणं अवघड होतं. वैमानिक दांड्याने डोक्यावरचा पंख झुकवायचा, आणि यंत्र लगेच साथ देईल याची खात्री नसायची. मार्च १९६२ मध्ये ब्रूस पीटरसन हे वैमानिक त्यातून उडत असताना पंख हेलकावे खाऊ लागला आणि यंत्र जमिनीवर आदळलं. पीटरसन बचावले.

‘जेमिनी’च्या बाबतीत अडचण आणखी मोठी होती. पंख घडी घालून यानात ठेवायचा आणि परतताना हवेत उलगडायचा. चाचण्यांत तो पुन:पुन्हा दगा देत राहिला, वेळापत्रक कोलमडलं आणि १९६४ मध्ये ‘जेमिनी’तून तो वगळला गेला. यानं पॅराशूटनेच समुद्रात उतरली. रोगालो यांना १९६३ मध्ये नासाने ३५ हजार डॉलरचं बक्षीस दिलं, पण अवकाश कार्यक्रमात त्यांचा पंख पुढे कामाला आला नाही.

मग डिकन्सन यांनी वेगळं काय केलं?

यासाठी थोडं मागे जावं लागेल. जर्मनीचे ओटो लिलिएन्थाल यांनी १८९१ ते १८९६ या काळात टेकड्यांवरून धावत जाऊन सुमारे दोन हजार उड्डाणं केली. त्यांच्या ग्लायडरमध्ये पायलट काखेत आणि कोपरांवर स्वतःला तोलून धरायचा. धड पंखातच अडकलेलं, खाली फक्त पाय मोकळे. दिशा बदलायची तर पाय झुलवायचे. माणसाचं निम्म्याहून जास्त वजन हलवताच येत नव्हतं. ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या झोताने त्यांचा ग्लायडर हवेत थबकला. पाय झुलवून त्यांना तो सावरता आला नाही. ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला.

पतंग उडवणाऱ्यांना कन्नीचं महत्त्व सांगावं लागत नाही. गाठ बोटभर वर किंवा खाली सरकली तरी तोच पतंग, तोच वारा, पण वागणं वेगळं. डिकन्सन यांनी माणसाला लटकवलं ते नेमक्या अशाच जागी. पंखाच्या मधल्या कण्यावर, गुरुत्वमध्याजवळच्या एकाच बिंदूपासून पट्टा सोडला आणि त्याला पायलट बांधला. आता त्याचं संपूर्ण शरीर झोपाळ्यासारखं पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलू शकत होतं.

पण नुसतं लटकून भागत नाही, ढकलायला काहीतरी हवं. म्हणून पंखाखाली नळ्यांचा त्रिकोण लावला आणि तारांनी पंखाशी घट्ट ताणला. त्रिकोणाचा खालचा आडवा दांडा पायलटच्या हातात. दांडा डावीकडे ढकलला की शरीर उजवीकडे जातं, वजन उजवीकडे पडतं आणि पंख उजवीकडे झुकतो. दांडा पोटाकडे ओढला की वजन पुढे जातं, नाक खाली होतं, वेग वाढतो. पुढे ढकलला की वेग कमी होतो. स्कूटर चालवणाऱ्या हातांना हे सगळं सुरुवातीला उलटं वाटतं, पण काही उड्डाणांत अंगवळणी पडतं.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी मेकॅनिक्समध्ये फ्री बॉडी डायग्राम काढायला लावतात. या यंत्राची काढून पाहिली तर थक्क व्हायला होतं. साधा हँग ग्लायडर २५ ते ३५ किलोचा असतो आणि पायलट त्याच्या दुप्पट किंवा अधिक वजनाचा. म्हणजे या यंत्रातला सर्वांत जड भाग माणूसच आहे, आणि तोच हलतो. शेपटी नाही, सुकाणू नाही, पंखावर हलणाऱ्या पट्ट्या नाहीत. बिघडण्यासारखं जवळपास काहीच नाही.

तो त्रिकोण आणखी एक काम करतो, ज्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. वरच्या-खालच्या तारांसह तो पंखाचा तोल सांभाळणारा सांगाडाही आहे. एकाच भागाने दोन कामं केल्यामुळेच वजन इतकं कमी राहिलं.

त्रिकोण तरी त्यांचा होता का?

इथे वाद आहे, आणि तो बाजूला सारता येण्यासारखा नाही. खाली लटकून त्रिकोणी चौकटीने ग्लायडर हाताळण्याची कल्पना १९०८ च्या सुमारास ब्रेस्लाऊ (आताचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) इथल्या एका ग्लायडरमध्ये दिसते. अमेरिकेत जॉर्ज स्प्रॅट यांनी १९२९ मध्ये तशीच चौकट वापरली होती. रोगालो पंखाखाली माणूस लटकवणारेही डिकन्सन पहिले नव्हेत. कॅलिफोर्नियात बॅरी पामर १९६१ मध्येच प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचा रोगालो पंख घेऊन टेकडीवरून धावत उडाले होते.

तरीही डिकन्सन यांचं पारडं जड राहतं, असं मला वाटतं. पामर यांच्या पंखावर उतरंड बांधता येत नाही. त्यांनी उड्डाणं केली, मजा केली आणि विषय तिथेच राहिला. आज उडणाऱ्या हँग ग्लायडरची पिढी दर पिढी मागे नेली तर ती ग्राफ्टनला पोहोचते. हवेत उडणं, दोरी सोडून तरंगत खाली येणं, दुसऱ्याला शिकवता येणं आणि कुणालाही बांधता येणं हे सगळं एकाच यंत्रात तिथे जमलं.

पैशांच्या बाबतीत मात्र त्यांच्या हाती काही लागलं नाही. डिकन्सन यांनी १९६३ मध्येच तात्पुरत्या पेटंटचा अर्ज केला होता. ते कायम करायला खर्च होता, तो झेपणारा नव्हता आणि अर्ज बारगळला. रोगालो यांनीही आपल्या पेटंटचा उपयोग सरकारला खुला करून टाकला होता. त्यामुळे पंखही मोकळा आणि त्रिकोणही मोकळा. ज्याला हवं त्याने बनवावं.

जगभर पोहोचवलं ते सिडनीच्या दोन वॉटर स्की खेळाडूंनी, बिल मोयेस आणि बिल बेनेट यांनी. डिकन्सन यांच्याकडून ते पंख उडवायला शिकले. दोघांकडेही धाडस होतं आणि प्रसिद्धीची नस माहीत होती. ४ जुलै १९६९ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, बेनेट स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावरून उडत जाऊन तिच्या पायथ्याशी उतरले. वर्षभराने मोयेस ग्रँड कॅन्यनच्या काठावरून खाली दरीत उतरले. बेनेट यांनी कॅलिफोर्नियात कारखाना टाकला, मोयेस यांनी ऑस्ट्रेलियात. मोयेस यांच्या नावाचे ग्लायडर आजही बनतात. लोकांच्या तोंडी राहिली ती ‘बिल’ मंडळींची नावं, ग्राफ्टनचा तंत्रज्ञ मागे पडला.

आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने डिकन्सन यांना २००६ मध्ये हँग ग्लायडिंग डिप्लोमा दिला आणि २०१२ मध्ये सुवर्णपदक. पहिल्या उड्डाणाला तोवर ४९ वर्षं झाली होती. रोगालो २००९ मध्ये गेले, डिकन्सन २०२३ मध्ये.

इतकं सोपं यंत्र, तर माणसं का मेली?

मे १९७१ मध्ये लिलिएन्थाल यांच्या जन्मदिनी कॅलिफोर्नियात हौशी उडणाऱ्यांचा मेळावा भरला. बांबू, प्लास्टिक आणि चिकटपट्टीचे पंख घेऊन लोक टेकडीवरून धावत सुटले. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्यावर लेख छापला आणि अमेरिकेत या खेळाची लाटच आली. टेकडी छोटी असेपर्यंत फार तर पाय मुरगळायचा. पुढच्या दोन-तीन वर्षांत लोक उंच कड्यांवरून उड्या घेऊ लागले आणि अंत्ययात्रा निघू लागल्या.

कारण त्या सैल कापडातच होतं. रोगालो पंखाला हवा आकार देते, हे त्याचं बळ आणि तीच त्याची कमजोरी. वेग वाढवण्यासाठी नाक फार खाली घातलं, किंवा वरून वाऱ्याचा दणका बसला, तर कापडात हवा भरायची थांबते. शीड झेंड्यासारखं फडफडू लागतं. फडफडणारं कापड उचल देत नाही आणि नाक वर आणायची ताकदही त्यात उरत नाही. ग्लायडर सरळ खाली सूर मारतो. पायलट दांडा पूर्ण पुढे ढकलतो, पण ऐकायला पंखच शिल्लक नसतो. माणसाचं वजन हलवून सगळं साधतं, हा विश्वास इथे संपतो.

उपाय पंखाच्या रचनेत शोधावा लागला. पंखाच्या वर उभ्या खांबापासून मागच्या कडेपर्यंत दोऱ्या ताणल्या गेल्या, म्हणजे कापड ठरावीक मर्यादेखाली पडूच नये आणि मागची कड किंचित वर वळलेली राहून नाक आपोआप वर यावं. टोकांना आधार दिला गेला. कापडात पट्ट्या घालून पंखाला पक्का छेद दिला गेला. एकीकडे रोगालोंची मूळ ‘बरगड्याच नकोत’ ही कल्पना सोडून द्यावी लागली, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

अमेरिकेतल्या उत्पादकांनी एकत्र येऊन चाचणीची पद्धतही बसवली. ग्लायडर ट्रकवर बसवायचा, मोकळ्या धावपट्टीवर ट्रक पळवायचा आणि वेगवेगळ्या कोनांत पंख नाक वर आणतो की नाही ते मोजायचं. पवनबोगदा परवडत नाही तेव्हा काढलेली ही वाट, पण तिने नक्कीच जीव वाचवले. आधीचे ग्लायडर एक मीटर खाली येताना जेमतेम चार मीटर पुढे जायचे. आजचे स्पर्धेतले १५ मीटर जातात. जुलै २०१२ मध्ये टेक्ससमधून निघालेल्या डस्टिन मार्टिन यांनी एका उड्डाणात ७६४ किलोमीटर अंतर कापलं. इंजिनाशिवाय, फक्त वर चढणाऱ्या गरम हवेच्या जोरावर. मुंबई ते नागपूर सरळ रेषेत याहून कमी भरतं.

ग्लायडरचं विमान कसं झालं?

टेकडी नसलेल्या सपाट प्रदेशातल्या लोकांमुळे. मार्च १९७५ मध्ये विस्कॉन्सिनच्या जॉन मूडी यांनी आपल्या दुपंखी हँग ग्लायडरला गो-कार्टचं छोटं इंजिन बसवलं आणि गोठलेल्या तळ्यावरून उड्डाण केलं. पुढच्या वर्षी ऑशकॉशच्या हवाई मेळ्यात हजारोंनी ते पाहिलं. चाकांऐवजी मूडी यांचे स्वतःचे पाय होते, हे विशेष.

यातून ‘अल्ट्रालाइट’ हा प्रकार जन्मला. अमेरिकेने १९८२ मध्ये त्यासाठी नियम केला. एकच आसन, रिकामं वजन ११५ किलोच्या आत, सुमारे १९ लिटर इंधन, वेग ताशी १०२ किलोमीटरपर्यंत. या चौकटीत बसलात तर वैमानिकाचा परवाना लागत नाही. युरोपात दुसरी वाट निघाली. डिकन्सन यांचा त्रिकोण तसाच ठेवून पायलटच्या जागी इंजिन आणि आसन असलेली तीन चाकी गाडी लटकवली. हेच ‘ट्राइक’. माणसाऐवजी आता गाडीच लंबक झाली, बाकी गणित ग्राफ्टनचंच.

भारताशी याचा संबंध काय?

एक धागा बंगळुरूचा. तिथल्या ‘राज हंस अल्ट्रालाइट्स’ कंपनीने हँग ग्लायडर आणि ट्राइकपासून सुरुवात केली आणि पुढे ‘एक्स-एअर’ ही छोटी विमानं बनवून परदेशातही विकली.

दुसरा धागा स्लोव्हेनियाचा. १९८० च्या दशकात, ती भूमी युगोस्लाव्हियात असताना, इव्हो बोस्कारोल आणि त्यांचे मित्र ट्राइक उडवायचे. खासगी उड्डाणाकडे सरकार संशयाने पाहत असल्याने ते संध्याकाळी उशिरा निघत. तिन्हीसांजेला आभाळात त्रिकोणी पंख पाहून गावकरी त्यांना वटवाघळं म्हणू लागले. बोस्कारोल यांनी कंपनी काढली तेव्हा वटवाघळाच्या लॅटिन नावावरून तिचं नाव ठेवलं ‘पिपिस्ट्रेल’. याच कंपनीचं ‘वेलिस इलेक्ट्रो’ हे २०२० मध्ये युरोपीय नियामकाचं प्रमाणपत्र मिळालेलं जगातलं पहिलं विद्युत विमान ठरलं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या टेक्सट्रॉन समूहाने कंपनी विकत घेतली.

भारताच्या संरक्षण मंत्रालयाने २०१५ मध्ये पिपिस्ट्रेलकडून ‘व्हायरस एसडब्ल्यू ८०’ जातीची १९४ मायक्रोलाइट विमानं घेण्याचा करार केला. त्यातली ७२ हवाई दलासाठी, १२ नौदलासाठी आणि सर्वाधिक ११० राष्ट्रीय छात्र सेनेसाठी. इथे त्यांना ‘गरुड’ म्हणतात. मुंबई, नागपूर आणि पुण्यात एनसीसीच्या एअर स्क्वॉड्रन आहेत.

हलकं विमान म्हणजे बिनधोक विमान नव्हे, हे भारतातही दिसलं आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये आसामच्या माजुलीत या जातीच्या विमानाच्या अपघातात हवाई दलाचे दोन अधिकारी मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी २०२० मध्ये पतियाळात एनसीसीचं विमान कोसळून ग्रुप कॅप्टन दर्जाच्या अधिकाऱ्याचा मृत्यू झाला.

‘गरुड’मध्ये वजन हलवून वळावं लागत नाही. त्याला शेपटी आहे, सुकाणू आहे, बंद कॉकपिट आहे आणि छात्रासमोर दांडा आहे. ट्राइकच्या त्या दिवसांची खूण राहिली आहे ती बनवणाऱ्या कंपनीच्या नावातल्या वटवाघळात.